रिकामी टाकी रिकामी नसते

मैत्रिणींनो, या वेळी विषय जरा वेगळा आहे. "स्वयंपाकघर सोडून तुम्ही गॅरेजमध्ये कधी शिरलात?" असं कुणी विचारील. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्या घरात जुनी जीप असते ना, तिथे ती दुभत्या गाईसारखी घरचीच असते. तिचं दुखणंखुपणं बाईच्या कानावर आल्याशिवाय राहत नाही.

महिंद्रने विलीज जीप आपल्या देशात जोडायला सुरुवात केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. जंगलखातं, लाकडाचे ठेकेदार, डॉक्टर, सगळ्यांची भिस्त तिच्यावर. त्या वेळी आजचा गडचिरोली जिल्हा चांद्याचाच भाग होता; तो वेगळा झाला १९८२ साली. नदीनाल्यांच्या त्या मुलखात जिथे बैलगाडी जाई तिथे जीप जाई. त्यातल्या काही जीपा अजून हौसेने सांभाळलेल्या आहेत. आमच्याकडेही सासऱ्यांची एक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळाभर जीप छपरीत उभी होती. गणपती झाले, आणि एका सकाळी सासूबाईंना धाप लागली. दुसरी गाडी मिळेना, म्हणून जीप काढली. आष्टीपर्यंत नीट आली. पुढे गोंडपिपरीच्या रस्त्याला आचके देऊन बंद! दहा मिनिटं थांबलं की सुरू व्हायची, चार किलोमीटर जायची, पुन्हा बंद. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, टाकीत पेट्रोल तर आहे, पण इंजिनाकडे येऊन नाही रायलं." दोन्ही बाजूला जंगल, मागच्या बाकावर सासूबाईंचा तो श्वास. चंद्रपूर गाठायला तीन तास उशीर झाला. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण ते तीन तास मी विसरणार नाही.

दोष निघाला टाकीतल्या गंजाचा. गाडी चालताना गंजाचा चुरा ओढला जाऊन गाळणी बुजायची. गाडी थांबली की तो खाली बसायचा, म्हणून पुन्हा सुरू व्हायची. "थांबली की चालते, चालली की थांबते" ही खूण लक्षात ठेवा.

गंज येतो कुठून?

आम्ही समजत होतो, गाडी वापरायची नाही तर टाकीत पेट्रोल कशाला? तळाला चार लिटर ठेवलं होतं. चूक तिथेच झाली. उरलेल्या जागेत हवा असते, आणि आमच्याकडची पावसाळी हवा म्हणजे मीठसुद्धा पाझरतं! रात्री पत्रा गार झाला की झाकणीखाली वाफ जमावी तसे आतून थेंब धरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि पत्रा खातं. पुष्कळ जुन्या टाक्यांना आतून शिसे-कथिलाचा पातळ थर असतो, आपल्या पितळेच्या पातेल्याला कल्हई असते तसा. तो उडाला की लोखंड उघडं पडतं.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी जातात. घरच्या घरी पाहायचं असेल तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन, बूच लावून, घराबाहेर सावलीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसले तर खाली पाणी आहे असं समजा.

आधी हे वाचा, मग हात लावा

जीप घरी आणल्यावर एक कारागीर आला. टाकी रिकामी केली होती, तळाला बारीक भोकं दिसत होती. तो म्हणाला, "रिकामीच तर आहे, दोन टाके वेल्डिंगचे मारतो." मी अंगणातच होते. टाकीच्या तोंडातून वास येत होता. गॅस सिलिंडर गळत असेल तर आपण दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही, मग इथे ठिणगी? मी त्याला हात धरून थांबवलं म्हटलं तरी चालेल. पुढे जाणत्या माणसानेही तेच सांगितलं. भरल्या टाकीत जळायला हवा नसते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. तीच बाँबसारखी फुटते.

म्हणून एवढं पाळाच:

काम उघड्यावर करावं. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. चूल, देवापुढचा दिवा, विडी, सगळं दूर. आधी बॅटरीची तार सोडवावी. जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तळाचा बोल्ट काढून पेट्रोल पत्र्याच्या डब्यात घ्यावं, प्लॅस्टिकच्या बादलीत नको. नळी तोंडाने ओढू नये. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कुणी गिळलंच तर ओकारी काढायला लावू नये, थेट दवाखान्यात न्यावं. आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरून ठेवू नये. घरात मुलं असतात.

टाकीची घासणी

टाकी काढून, काट्याचा तरंगता भाग आणि नळ्या सुट्या कराव्यात. कपड्यांच्या पावडरीच्या पाण्याने वास जाईपर्यंत तीन-चारदा धुवावी. मग आत मूठभर नट घालून थोडं पाणी टाकून हलवावी, खलबत्ता धुतो तशी सगळ्या बाजूंनी. नट मोजून घाला, मोजून काढा! २५ घातले तर २५ बाहेर आले पाहिजेत.

नंतर लिंबूसत. किराणा दुकानात मिळतं तेच. लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. अशा जीपच्या टाकीत सुमारे ४० लिटर मावतं, तेव्हा २ किलो लागेल. तोंडापर्यंत भरून एक दिवस ठेवावी. गंज राहिला तर पाणी बदलून आणखी एक दिवस. चिंचेचा कोळ वापरायचा मोह होईल, पण चोथा आत अडकतो. न्हाणीघर धुवायचं ॲसिड मुळीच नको. ते चांगला पत्राही खातं.

पाणी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा विसळावी, म्हणजे आंबटपणा मरतो. मग साध्या पाण्याने. आता मात्र रेंगाळू नका! ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हाला आपण नावं ठेवतो, पण टाकी वाळवायला त्यासारखं काही नाही. कोरडी झाली की वाटीभर इंजिनाचं तेल घालून सगळीकडे फिरवावं, उरलेलं ओतून टाकावं.

हातमोजे घालावेत. शिशाचा अंश असलेलं ते पाणी विहिरीजवळ, परसात किंवा नाल्यात ओतू नये. काढलेलं पेट्रोल चूल पेटवायला वापरू नये. दोन्ही झाकणाच्या डब्यांत वेगवेगळी भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावीत.

पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर डागडुजीत पैसे घालवू नयेत, टाकी बदलावी. आम्ही शेवटी तेच केलं. एखाद-दुसरं भोक असेल तर धुऊन वाफ काढलेली टाकीच रेडिएटरची कामं करणाऱ्या अनुभवी माणसाकडे न्यावी.

जाता जाता

गाडी चालती असेल तर पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा चांगली फिरवून आणा. महिनोन् महिने उभीच राहणार असेल तर पूर्ण रिकामी करा, वाळवा, तेलाचा हात फिरवा. अर्धवट मात्र ठेवू नका.

टाकी साफ झाल्यावर गाळणी नवी घाला, १०० किलोमीटरनंतर पुन्हा बदला, आणि एक जास्तीची गाडीत असू द्या. रबरी नळ्याही तपासा. इथेनॉलने जुनं रबर फुगतं.

हे सगळं पद्मिनीला आणि २०१४ पर्यंत बनत असलेल्या ॲम्बेसेडरलाही लागू आहे.

आमच्या सासूबाई आता जीपमध्ये बसण्याआधी विचारतात, "टाकी भरली का गं?" मी म्हणते, "भरली, आई." मगच त्या पदर खोचून वर चढतात.