घर विकायचे, पण कागद कुठे आहेत?

मुलुंड-बोरिवलीत पन्नास वर्षांपूर्वी घेतलेले घर विकायला काढले, की वाटते, गिऱ्हाईक मिळाले म्हणजे झाले. खरी रखडपट्टी तिथूनच सुरू होते. घर पाहायला आलेला माणूस पाण्याची वेळ विचारतो. त्याची बँक मात्र मूळ करारनामा, मधल्या मालकांचे करार, मुद्रांक शुल्काच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट मागते. वडिलांच्या नावावरचे घर असेल, तर वारसांच्या सह्या. इकडे विकणाऱ्याने बदलापूरच्या नव्या घराचा विसार दिलेला असतो आणि जीव टांगणीला लागतो.

इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, हाही प्रश्न येतोच. १९६३ च्या मोफा कायद्याने हे अभिहस्तांतरण बिल्डरवर बंधनकारक केले. तरी ते इतके रखडले, की २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. सोसायटीच्या हस्तांतरण शुल्कावरूनही घोडे अडते. सरकारने २००१ मध्ये मुंबईसाठी त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरवली. ‘देणगी’च्या नावाखाली जास्त मागितले, तर नाही म्हणता येते.

म्हणून जाहिरातीआधी फाईल लावावी. एखादा कागद नसेल, तर पहिल्याच भेटीत सांगावे. सांगितलेली उणीव चार आठवडे खाते. लपवलेली उणीव व्यवहारच मोडते.