जिवाणूंच्या गोळ्या आणि शेतमजुराचे पोट

नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा फाटा जेथे फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव. समुद्रपूर तालुक्यातील शेतमजूर, ट्रकचालक, रोजंदार कामगार या साऱ्यांचा राबता या चौरस्त्यावर असतो. अशा गावी पावसाळ्यात हगवण लागली की सलाईन आणि प्रतिजैविक ठरलेलेच. त्यांच्या जोडीला आता ‘प्रोबायोटिक’ नावाची गोळी येऊन बसली आहे. आतड्यातील उपकारक जिवाणू वाढविणारी, पचन सुधारणारी आणि एकूण प्रकृती ठणठणीत राखणारी अशी तिची ख्याती. दहा गोळ्यांच्या पाकिटाला पुष्कळदा दीडशे-दोनशे रुपये पडतात. निंदणाला जाणाऱ्या बाईची ती जवळजवळ दिवसाची मजुरी झाली.

या गोळीमागचे शास्त्र थोतांड नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध त्यांच्या आंबट दुधाशी जोडला, तेव्हापासून हा विचार चालत आला आहे. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बालकांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. निवडक जिवाणू आणि त्यांना पोसणारी शर्करा सात दिवस दिल्याने जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, आणि खर्च आला बालकामागे एक डॉलरच्या आसपास. गरिबांच्या मुलांसाठी शास्त्र राबविले तर काय होऊ शकते, याचा हा दाखला आहे. पण तो विशिष्ट जिवाणूचा, विशिष्ट वयाचा आणि विशिष्ट हेतूचा दाखला आहे. दुकानातल्या वाटेल त्या पाकिटाला तो लागू करता येत नाही. जुलाब झालेल्या लहान मुलांना जिवाणूंची पूड देऊन अमेरिका व कॅनडात दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०१८ साली आले; खोटी पूड दिलेल्या मुलांपेक्षा ही मुले लवकर बरी झाली नाहीत. प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब काही अंशी टळतात याला पुरावा आहे. धडधाकट माणसाने ‘एकूण प्रकृतीसाठी’ रोज गोळी घ्यावी याला मात्र भक्कम आधार नाही.

मग ही विक्री वाढते कशी? २०१६ च्या नियमांनी अशा बहुतेक उत्पादनांना अन्नपूरकाचा दर्जा दिला. त्यामुळे औषधाला द्यावी लागणारी परीक्षा त्यांना द्यावी लागत नाही आणि औषधांचे किंमत-नियंत्रणही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. रोग बरा होतो असे छापायला बंदी आहे, परंतु ‘पचनास साह्य’ असे छापायला कोण अडवितो? १९७५ साली हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी देऊन देशाची खरी गरज किती मर्यादित आहे ते दाखवून दिले होते. भांडवलदारी बाजाराने त्याला आपल्या परीने उत्तर शोधले: जे औषधच नाही, ते विकावे!

याच मुलखात महालक्ष्मीच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते. ताक, कढी आणि ज्वारीची भाकर हे कष्टकऱ्यांचे रोजचे अन्न होते. आतड्यातील जिवाणूंना जगण्यासाठी धान्याचा कोंडा व चोथा लागतो आणि तो या भाकरीत भरपूर असतो. ऐंशीच्या दशकात सेवाग्रामच्या रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्यविमा चालविला, तेव्हा गावकरी वर्गणी भरीत ती ज्वारीच्या रूपाने. आज ती वर्गणी भरायची झाली तर ज्वारी विकत आणावी लागेल. शिवारे सोयाबीन आणि कापसाने व्यापली, कडबा गेला, कडब्याबरोबर दारची गाय गेली, आणि ताकही पिशवीतून विकत घेण्याची वेळ आली. ही रुचीची फॅशन नव्हे. हमीभावाची, रेशनची आणि पीकपद्धतीची ही राजकीय निष्पत्ती आहे. अर्थात ताक म्हणजे सर्व रोगांवर उतारा अशी पोथी वाचणाऱ्या गोभक्तांच्या नादीही कोणी लागू नये. घरच्या ताकातल्या जिवाणूंची चाचणी कोणी केलेली नाही. ते स्वस्त आणि चांगले अन्न आहे, एवढे पुरे.

शेतमजुराच्या घरातील हगवण बहुतांशी येते ती पाण्यातून. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रुग्ण वाचविले. त्याच क्षारसंजीवनीचे पाकीट आज आशा कार्यकर्तीकडे फुकट मिळाले पाहिजे, मुलांसाठी जस्ताच्या गोळ्यांसह. ते मिळते काय, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी पावसाळ्याच्या तोंडी विचारावे. विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर कधी पडली, ओटी चाचणी कोणी केली, हेही विचारावे. ग्रामपंचायतीची ही नोंद माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने कोणाही ग्रामस्थाला मागता येते. त्या अर्जाला लागणारे शुल्क दहा रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे.