फ्लॉपी ड्राइव्ह : अडगळ की अवजार?

दिवाळीच्या तोंडावर घराची झाडलोट सुरू झाली, की प्रत्येक घरात काही वस्तूंवर खटला भरला जातो. आजीचा पितळी डबा, बंद पडलेला रेडिओ, आजोबांचा अडकित्ता यांची बाजू मांडायला कोणी ना कोणी उभे राहते. माळ्यावरचा जुना संगणक आणि त्याच्या शेजारचा फ्लॉप्यांचा डबा यांना मात्र वकील मिळत नाही. भंगारवाला दारात उभाच असतो. वजनावर सौदा ठरतो आणि निकाल लागतो. या लेखात मी त्या आरोपीचे वकीलपत्र घेतले आहे. पण वकील झालो म्हणून अशिलाची खोटी स्तुती करणार नाही.

तेव्हा विरोधी पक्षाचे म्हणणे आधीच मान्य करून टाकतो. नवी माहिती साठवण्यासाठी फ्लॉपी आज निरुपयोगी आहे. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट माहिती मावते. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रसुद्धा बहुधा तीत बसणार नाही. १९७१ साली आयबीएमने आठ इंची फ्लॉपी आणली, १९७६ साली शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची आली, आणि पुढच्या दशकात सोनीची साडेतीन इंची फ्लॉपी जगभर पसरली. उतरणही तितक्याच झपाट्याने झाली. १९९८ साली ॲपलने आयमॅक विकायला काढला तो फ्लॉपी ड्राइव्हवाचून. लोकांनी नाके मुरडली आणि तो विकतही घेतला. २००३ साली डेलने घरगुती संगणकात हा ड्राइव्ह न विचारता बसवणे थांबवले. २०११ साली सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री बंद केली. आता संगणकात उरल्या आहेत त्या फक्त खाणाखुणा. 'सेव्ह'च्या बटणावर तिचे चित्र आहे, आणि आपल्या हार्ड डिस्कचे नाव अजूनही 'सी'पासून सुरू होते, कारण 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपी ड्राइव्हसाठी राखून ठेवलेली होती. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाची पाटी दारावर राहावी, तसे हे आहे.

फ्लॉपीचे काही भाबडे भक्त येथे मोठमोठे दाखले देतात. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या संदेशयंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत वापरात होती. बोइंग ७४७-४०० विमानांच्या मार्गदर्शन यंत्रणेत दर २८ दिवसांनी भरावी लागणारी माहिती साडेतीन इंची फ्लॉप्यांतून चढवली जात असे, हे २०२० साली पुष्कळांना आश्चर्याने कळले. जपानमध्ये सरकारदरबारी कागदपत्रे फ्लॉपी वा तत्सम माध्यमांतून सादर करावीत असे सांगणारे नियम हजाराहून अधिक होते. डिजिटल खात्याचे मंत्री तारो कोनो यांनी २०२२ साली त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि २०२४ च्या मध्यापर्यंत ते जवळजवळ सगळे रद्द झाले. दाखले खरे आहेत, पण त्यांतून काय सिद्ध होते? मोठ्या संस्थांना चालू गाडीचे चाक बदलणे जड जाते, एवढेच. आपल्या घरी अण्वस्त्रे नाहीत आणि विमानही नाही. म्हणून या साक्षीदारांना मी परत पाठवतो.

माझा मुद्दा वेगळा आहे. ड्राइव्ह लिहिण्यासाठी नको आहे, वाचण्यासाठी हवा आहे. आणि त्यातही नवा, चकचकीत ड्राइव्ह नव्हे. माळ्यावरचा तोच जुना हवा आहे.

याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. फ्लॉपीच्या टणक वेष्टनाच्या आत प्लास्टिकची एक पातळ चकती असते आणि तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा लेप असतो. साडेतीन इंची चकतीच्या प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग आखलेले असतात आणि एकेक मार्ग मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही अरुंद असतो. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि ड्राइव्हचे डोके तिला चक्क टेकून त्या मार्गावरची नोंद वाचते. आता एखाद्या ड्राइव्हचे डोके किंचित कलते बसलेले असेल, तर तो त्याच कलत्या रेषेवर लिहितो आणि त्याच कलत्या रेषेवर वाचतो. त्याचे त्याला सगळे ठीक दिसते. तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, की ती मुकी होते. पूर्वी सायबर कॅफेत वा टंकलेखनाच्या दुकानात 'आमच्याकडे उघडत होती, तुमच्याकडे का उघडत नाही?' असे जे वाद होत, त्यांतल्या कित्येकांचे मूळ हेच असणार. म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर लिहिलेली फ्लॉपी वाचण्याची सर्वांत अधिक शक्यता ज्या ड्राइव्हमध्ये आहे, नेमका तोच आपण भंगारात देतो आणि फ्लॉप्यांचा डबा भावनेपोटी जपून ठेवतो. किल्ली फेकून कुलूप सांभाळण्याचा हा प्रकार!

'पण त्या फ्लॉप्यांत असे काय मोठे आहे?' हा प्रश्न रास्त आहे, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्याचे उत्तर द्यायलाच हवे. त्यांत मजकूर आहे. १.४४ मेगाबाइट छायाचित्राला अपुरे पडते, अक्षरांना पडत नाही. हिशेब करून पाहा. एका फ्लॉपीत चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार बाइट मावतात. जुन्या मराठी फाँटांत एका चिन्हाला एक बाइट पुरत असे. दोन-तीन कादंबऱ्या सहज बसतील! १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत आपल्याकडे जे जे डीटीपीवर जुळवले गेले, ते बहुतेक या फ्लॉप्यांतून घराकडून छापखान्याकडे आणि छापखान्याकडून घराकडे हिंडले आहे. गावोगावचे छोटे दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, एम. फिल.चे प्रबंध, कोणी हौसेने गोळा केलेल्या ओव्या आणि म्हणी. जे छापले गेले ते कुठल्यातरी कपाटात सापडेल. छापले गेले नाही त्याचे काय? आपल्याच महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे पाहा. पाने मोजकी असतात, संपादकाला कात्री चालवावी लागते. ज्या कथा-कविता 'जागेअभावी' मागे राहिल्या, त्यांची एकमेव प्रत ग्रंथालयातल्या खोक्यात, रबरबँड लावलेल्या फ्लॉप्यांत असण्याचा संभव आहे. त्यांत उत्तम साहित्य असेलच असा माझा दावा नाही. बरेचसे सुमारच असेल. पण सुमार म्हणून टाकून देण्याआधी ते कोणी एकदा वाचलेले तरी असावे.

आणि येथे मराठी माणसापुढे एक जादा अडचण उभी राहते, जिचा विचार इंग्रजीत लिहिणाऱ्याला करावाच लागत नाही. फ्लॉपी वाचली गेली, फाइल उघडली, तरी पडद्यावर दिसतो तो रोमन अक्षरांचा आणि टिंबे-टोपी घातलेल्या चिन्हांचा गोंधळ. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रत्येक प्रणालीने देवनागरीची चिन्हे आपापल्या क्रमाने मांडली होती. एका फाँटात ज्या क्रमांकावर अर्धा 'स' बसवला आहे, दुसऱ्यात तेथे वेलांटी असू शकते. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ सालीच मिळाली होती, परंतु विंडोजवर ती नीट दिसू लागली २००० च्या सुमारास. आणि छापखान्यांत ज्या पेजमेकरवर सारा कारभार चालत असे, त्याला युनिकोड शेवटपर्यंत उमगले नाही. त्यामुळे जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा लागतो. त्यासाठीचे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण ते रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांची हमखास गल्लत करतात, आणि मग मुद्रितशोधनाला बसावे लागते. मोडीचे जे झाले तेच हे. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, वाचणारा मात्र शोधावा लागतो. फरक इतकाच, की मोडीला तिथवर यायला काही पिढ्या लागल्या. श्रीलिपीच्या फाइलीवर ही पाळी एका पिढीच्या आत आली.

हे काम अवघड असले तरी विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही, आणि याचा एक दाखला मला फार आवडतो. चित्रकार अँडी वॉरहोल याने १९८५ च्या सुमारास अमिगा नावाच्या घरगुती संगणकावर काही चित्रे काढली होती. ती फ्लॉप्यांत बंद होऊन पिट्सबर्गच्या वॉरहोल संग्रहालयात पडून राहिली. २०१४ साली ती पुन्हा उजेडात आली, ती कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातल्या मंडळींच्या खटपटीने. त्यांनाही नुसती फ्लॉपी वाचून भागले नाही; फाइलींची बांधणी अनोळखी निघाली आणि ती उकलत बसावे लागले. आपल्या खोक्यात वॉरहोल नाही, हे खरे. पण खोके न उघडता हे तरी कसे सांगावे?

फ्लॉपीच्या भावंडांबद्दल थोडक्यात. आयोमेगाचा झिप ड्राइव्ह १९९५ च्या सुमारास १०० मेगाबाइटचा डौल मिरवीत आला. त्याच्या अंगी एक असा दोष निघाला, की ड्राइव्ह टकटक आवाज करी आणि मजकूर गेलाच म्हणून समजावे. लोकांनी त्याला 'मृत्यूची टकटक' असेच नाव दिले. कोणाकडे झिपच्या चकत्या असतील तर त्यांनी सर्वांत आधी घाई करावी. सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह मात्र मी घरात ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण घरोघरी लग्नमुंजींच्या चकत्या आहेत आणि नव्या लॅपटॉपना ती फटच नसते. सीडीची खालची चकचकीत बाजू सगळे जपतात, पण खरी नाजूक बाजू वरची, नाव लिहायची. तेथला लेप अगदी पातळ असतो. तो खरवडला, की माहितीच निघून जाते.

आता राहिला प्रश्न, करायचे काय. यूएसबीचा बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून विकत मिळतो आणि साडेतीन इंची साध्या फ्लॉप्यांना तो बऱ्याचदा पुरतो. सव्वापाच इंचीपुढे तो हात टेकतो. तेथे जुना ड्राइव्ह आणि जुना संगणकच लागतो, किंवा चुंबकीय नोंद जशीच्या तशी उतरवून घेणारी ग्रीझवीझलसारखी उपकरणे लागतात. फ्लॉपी आत घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडे करावे, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. फ्लॉपी वाचता आली नाही, की विंडोज मोठ्या अदबीने 'फॉरमॅट करू का?' असे विचारतो. त्याला नाही म्हणावे! आपल्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, चकतीवर बुरशी धरते. वेष्टनाची पत्र्याची झडप हळूच सरकवून आत पाहावे; पांढरट ठिपके दिसले तर ती फ्लॉपी वेगळी काढावी, कारण तिची घाण डोक्याला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपी ओरखडून निघते. वाचलेला मजकूर दोन ठिकाणी उतरवून ठेवावा आणि फ्लॉपीवरच्या चिठ्ठीचे छायाचित्रही सोबत जोडावे. कित्येकदा सन आणि लेखकाचे नाव त्या चिठ्ठीवरच असते.

घरोघरी हा ड्राइव्ह असावा असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक चालू स्थितीतला असला तरी पुरे; गावातल्यांनी आपले डबे तेथे आणावेत. तोवर ज्यांच्या माळ्यावर जुना संगणक आहे त्यांनी आधी फ्लॉप्या वाचून घ्याव्यात आणि मग खुशाल भंगारवाल्याला हाक मारावी. आपल्या ग्रंथपालांनी परवानगी दिली आणि संगणक विभागाने एक टेबल दिले, तर मराठी विभागातली आम्ही पाच-सहा जणे मुद्रितशोधनाला बसायला तयार आहोत. पहिले खोके वार्षिकांकाचेच उघडावे असे मला वाटते, आणि तेही पावसाळ्याच्या आत.