नेम पंढरीचा की रस्त्याचा?
ज्येष्ठ लागला की जुन्या वारकऱ्यांत विषय निघतोच: यंदाही आळंदीहून, की एकदा देहूहून निघायचं? मुळात १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून नेल्या. माउलींचा सोहळा हैबतबाबांनी वेगळा काढला तो १८३२ च्या सुमारास. माउलींची वाट पायांना पाठ असते. दिवेघाट कुठं दम काढतो, नीरेच्या पुलावर किती खोळंबा होतो, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायचं तर जागा कधी धरायची, सगळं माहीत. दिंडीच्या ट्रकमध्ये आपली वळकटी कुठल्या कोपऱ्यात, हेही ठरलेलं. देहूकडून गेलात की ही मिजास उतरते. जेजुरीचा भंडारा हुकतो, पण काटेवाडीत पालखीखाली धोतरांच्या पायघड्या पडतात आणि तिच्याभोवती चक्क मेंढ्या रिंगण धरतात! हे एकदा तरी बघावंच. वाट बदलली तर नेम मोडतो, हे मला पटत नाही, नेम पंढरीचा. खरी अडचण दिंडीची. अनोळखी माणसाला ऐनवेळी तंबूत पाठ टेकायला जागा कोण देणार? तेव्हा वैशाखातच दिंडीचालकांना गाठा, वर्गणी भरा, औषधं-गोळ्यांचं सांगून ठेवा. जुनी मंडळी वाखरीला भेटतीलच. टोमणे तिथं ऐकून घ्यावेत.