अर्जाने खळे भरत नाही

तहसील कचेरीच्या पायरीवर चार पुढारी उभे राहतात, साहेबांच्या हाती कागद देतात, छबी काढून घेतात आणि चहा पिऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी छापून येते की, विरोधी पक्षाने सरकारला धारेवर धरले! वाचकहो, ती धार कोणी पाहिली आहे काय? आमच्या नांदेड-लातूरच्या रयतेने तरी पाहिली नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला ४,८९२ रुपये होता; मोंढ्यात माल त्याहून कमी दराने गेला. २०२५-२६ साली हमीभाव ५,३२८ झाला आणि पुन्हा तेच घडले. कागद दोन्ही वर्षी देण्यात आले होते.

आम्ही सत्ताधाऱ्यांचे वकील नव्हे. त्यांनी निवडणुकीत कर्जमाफीचे वचन दिले आणि मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच अर्थमंत्र्यांनी पीककर्जाचे हप्ते मुकाट्याने भरा म्हणून सांगितले, हे आम्ही विसरलो नाही. पण आज बोलावयाचे आहे ते विरोधकांशी. ज्याच्याकडून आशा, त्याच्यावरच राग.

हे पुढारी म्हणतात, “आम्ही काय करणार? लोकच पाठीशी नाहीत.” हे म्हणणे खोटे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडचे माजी मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण काँग्रेस सोडून भाजपात गेले. आता नांदेड गेलेच, असे जो तो म्हणू लागला. पण जूनमध्ये त्याच नांदेडच्या रयतेने काँग्रेसचा उमेदवार ५९ हजारांवर मतांनी निवडून दिला, आणि लातूरनेही ६१ हजारांवर मतांनी तेच केले. पुढारी गेला, रयत जागची हलली नाही. धाडस कोणी दाखविले? खुर्चीवाल्याने की कुणब्याने?

मग पाच महिने विरोधकांनी काय केले? हारतुरे घेतले. सरकारने तोवर ऑगस्टपासून बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार टाकावयास आरंभ केला. ती योजना बरी की वाईट हा वाद वेगळा. पण ती कृती होती. विरोधक आधी नाक मुरडीत बसले आणि शेवटी आम्ही तीन हजार देऊ म्हणाले. वरातीमागून घोडे! नोव्हेंबरात दोन्ही जिल्ह्यांतील विधानसभेच्या १५ जागांपैकी १४ सत्ताधाऱ्यांकडे गेल्या. त्याच दिवशी झालेल्या नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेस अवघ्या १,४५७ मतांनी तगली. सावधपणाने जागा वाचतात म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाटीवर मांडून पाहावा.

आमच्याच मुलखाचा इतिहास काय सांगतो? हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने १९३८ साली बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि डिसेंबरात तो तहकूब करण्यात आला. ती तहकुबी शहाणपणाची होती असे म्हणणारे म्हणोत. बंदी मात्र १९४६ पर्यंत उठली नाही. आठ वर्षे! पुढे १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांनी दुसरी वाट धरली. हा हिप्परग्याच्या शाळेत शिकविणारा मास्तरच. ७ ऑगस्टला भारतात सामील व्हा म्हणून चळवळ पुकारली आणि १५ ऑगस्टला ते तुरुंगात गेले. मग वकिलांनी कोर्टे सोडली, पोरांनी शाळा सोडल्या, गावोगाव शिंदीची झाडे तोडून निजामाचा अबकारी महसूल बुडविला, करोडगिरीचे नाके मोडले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करीत होता. भय काही लांब नव्हते, शेजारच्या गल्लीत होते. तरी माणसे उठली, कारण पुढारी आधी उठला होता.

आणि भाई केशवराव धोंडगे? कंधारच्या या माणसाने शेतकरी कामगार पक्षाच्या बाकावरून सरकारला घाम फोडला, आणीबाणीत तुरुंग भोगला, आणि १९७७ साली नांदेडकरांनी त्यांस खासदार केले. मंत्रिपद नव्हते म्हणून त्यांचा आवाज कधी बसला नाही.

कोणी म्हणेल, जोतीरावांनीही हंटर कमिशनला निवेदन दिले होते. होय, १८८२ साली दिले. पण त्याआधी चौतीस वर्षे, १८४८ साली, मुलींची शाळा काढून लोकांचा रोष सोसला होता. आधी कृती, मग अर्ज. आमच्या पुढाऱ्यांनी क्रम उलटा केला आणि कृती विसरले.

ऑक्टोबर २०२५ चे पाहा. अतिवृष्टीने मराठवाड्याची माती वाहून गेली होती. बच्चू कडू, राजू शेट्टी प्रभृतींनी नागपुरास ट्रॅक्टर नेऊन महामार्ग अडविला, तेव्हा कर्जमाफीच्या निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख सरकारच्या तोंडून निघाली. ती पुरेशी होती असे आम्ही म्हणत नाही. पण ती काढणारे कडू त्या वेळी आमदारसुद्धा नव्हते! आमदार सभागृहाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभे राहण्यात पटाईत.

हाती काठी घ्या, असे आमचे सांगणे नाही. धाडस म्हणजे दंगा नव्हे. स्वतःचे काही पणास लावणे होय. तुमच्या हाती साखर कारखाना असेल तर उसाचे बिल आधी तुम्ही वेळेवर चुकवा. हमीभावाने खरेदी सुरू होईपर्यंत मोंढ्याच्या दारात शेतकऱ्याबरोबर बसा, आणि अटक झाली तर जामिनासाठी धावू नका.

सर्वांत मोठे धाडस आणखी वेगळे आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे कुणबी दाखल्यांचा सरकारी निर्णय निघाला. तेव्हापासून मराठ्यांच्या गावात एक आणि माळी, धनगर, वंजारी, सुतार, कुंभारांच्या वस्तीत दुसरे बोलणारे पुढारी आम्ही पाहत आहो. दोन्ही डगरींवर हात! बाबांनो, तुमचे जे मत असेल ते दोघांना एका मांडवात बसवून सांगा. शिव्या खाल, पण विश्वास मिळवाल. त्या दोघांचे सोयाबीन एकाच काट्यावर कमी भावाने मोजले जाते, हे सांगावयास तुमच्याशिवाय कोण येणार?

आणि रयतेनेही एक करावे. पुढारी दारात आला की हार घालू नये. विचारावे, “दादा, आमच्यासाठी तुम्ही काय गमावले?” उत्तर आले तर पाट मांडावा, न आले तर पाणी पाजून वाटेला लावावे.