हे कुलूप नेमकं कशाचं?

मित्रांनो, ऑपरेटिंग सिस्टीमच्या व्हायवात डेडलॉकच्या चार अटी आपण धडाधड म्हणून दाखवतो. पण "हे लॉक नेमकं कशाचं रक्षण करतं?" असं कुणी विचारलं, की अख्खी बॅच पंख्याकडे बघायला लागते! माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

लिनक्सचंच बघा ना. १९९६ साली २.० आवृत्तीत एकाहून जास्त प्रोसेसरची सोय आली, तेव्हा सगळ्या कर्नलला मिळून एकच कुलूप होतं, बिग कर्नल लॉक. सुरुवातीला ते ठीकच होतं. पण त्याची खोड अशी, की किल्लीवाला आत झोपला, म्हणजे डिस्कची वाट बघत थांबला, की किल्ली आपोआप सुटायची आणि जाग आली की पुन्हा त्याच्या हातात यायची. फाइलसिस्टीमचा कोड या सवयीवरच पोसला गेला. कुठल्या ओळीला कुलपाची खरी गरज आहे, हे कोड वाचून कळेना. म्हणून रायझरएफएसमधून ते काढायला २.६.३३ आवृत्ती, म्हणजे २०१० साल उजाडलं. तिथे प्रत्येक माउंटला स्वतःचं कुलूप दिलं आणि ते कुठे सोडायचं हे कोडमध्ये स्पष्ट लिहावं लागलं. २०११ च्या मे महिन्यात, २.६.३९ मध्ये, बिग कर्नल लॉक कायमचं गेलं. तब्बल पंधरा वर्षं!

यावर कुणी म्हणेल, मग लहान लहान कुलपं भरपूर लावा, झालं! तसंही नाही. फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीत हलवताना लिनक्स आजही त्या फाइलसिस्टीमपुरतं एक मोठं कुलूप लावतं. नाहीतर दोघांनी एकाच वेळी डिरेक्टऱ्या हलवल्या, तर एखादी स्वतःच्याच पोटात जाऊन बसायची. कुलूप मोठं आहे, पण त्याचं कारण लिहून ठेवलेलं आहे. सोपेपणा म्हणतात तो हाच. तो कुलपांच्या संख्येवर ठरत नाही.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. लॅबच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक म्युटेक्सच्या वर एक ओळ सक्तीची करा: हे कुलूप कशाचं, आणि कोणत्या कुलपानंतर घ्यायचं. त्या ओळीला दोन मार्क ठेवा. आणि मित्रहो, ती ओळ लिहिता येत नसेल तर कंपाइल करायची घाई करू नका. प्रोग्रॅम आज चालेलही, पण उद्या त्याला हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही.