खडा निघाला, पण ताप आला!

"डॉक्टर, मुतखडा तर निघाला, मग हा ताप कशाचा?" शस्त्रक्रियेनंतर थंडीने कुडकुडत आलेला रुग्ण असे विचारतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, "आधी लघवीची कल्चर तपासणी केली होती का?" बऱ्याचदा उत्तर येते, "घाईत राहून गेली."

ही घाई महागात पडते. खड्याच्या पोटात जंतू दडलेले असू शकतात. दुर्बिणीतून खडा फोडताना ते मोकळे होतात आणि आत सोडलेल्या पाण्याच्या दाबाने रक्तात शिरू शकतात. मधुमेही, लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होणारे, मोठा किंवा फांद्या फुटलेला खडा असणारे आणि ज्यांच्या आत स्टेंटची नळी फार दिवस राहिली आहे, अशांना हा धोका जास्त. स्त्रियांनाही पुरुषांपेक्षा अधिक.

कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जंतू आढळल्यास योग्य औषध घेऊन मगच खडा काढावा. मात्र खडा अडकून ताप आला असेल, तर थांबू नये. तुंबलेली लघवी तातडीने मोकळी करावी लागते.

अहवाल चांगला आला तरी गाफील राहू नका. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप, धाप किंवा ग्लानी आली, तर दुकानातून गोळी आणून रात्र काढू नका. लगेच रुग्णालय गाठा. आणि स्टेंट काढण्याची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.